पुढचा गुडघा: नव्याने गोल्फ खेळणाऱ्यांनी दुखणं कसं ओळखावं, काय करावं

पन्नाशीच्या आसपास गोल्फ सुरू केलेली माणसं माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "या खेळात पळापळ नाही, धक्काबुक्की नाही. मग गुडघा दुखावला कशानं?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की पुढचे निम्मे उपचार समजायला सोपे जातात.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा गुडघा म्हणजे पुढचा गुडघा. स्विंग मागे नेताना वजन उजव्या पायावर जातं. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, खाली येतो तसं ते झपाट्याने डाव्या पायावर येतं आणि कंबर, छाती, खांदे सगळं त्या एका पायाभोवती लक्ष्याकडे वळतं. बुटाच्या स्पाइक्सनी पाऊल जमिनीत रोवून धरलेलं असतं. वरचं शरीर वळतंय, खालचं पाऊल हलत नाही आणि मध्ये सापडतो गुडघा. गुडघा मुळात दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. वाकलेला असताना तो थोडासा फिरतो, सरळ असताना जवळजवळ नाहीच. आणि चेंडूला फटका बसतो त्याच सुमाराला पुढचा पाय सरळ होत असतो. कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून जी मोजमापं झाली, त्यांत स्विंगच्या वेळी पुढच्या गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या चार पटींहून जास्त भार आढळला. म्हणजे ८० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर ३२० किलोंहून जास्त, तेही पीळ बसत असताना. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, एका सकाळी शंभर चेंडू मारले, तर हे शंभर वेळा होतं.

गोल्फपटू टायगर वुड्सचं उदाहरण सगळेच देतात. २००८ च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत सॅन डिएगोजवळच्या टॉरी पाइन्सवर तो डाव्या गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, तुटलेलं आणि डाव्या नडगीच्या हाडाला तडे गेलेले असताना ९१ होल खेळला आणि जिंकला. पण याच्या पुढचं फारसं कोणी सांगत नाही. ते लिगामेंट त्याच्या सांगण्याप्रमाणे आदल्या वर्षी धावताना तुटलं होतं, स्विंग करताना नव्हे. आणि जिंकल्यावर लगेच शस्त्रक्रिया करून त्याला उरलेला पूर्ण हंगाम घरी बसावं लागलं. माझ्याकडे येणाऱ्या हौशी खेळाडूंपैकी कितीतरी जण "त्यानं नाही का रेटलं?" म्हणत दुखरा गुडघा महिनोन्‌महिने ओढत राहिलेले असतात. कृपा करून तसं करू नका.

पहिली पायरी: दुखतंय नेमकं कुठे, ते बोटाने दाखवा

"गुडघा दुखतो" एवढ्यावरून काही कळत नाही. खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात वाकवा. वाटीच्या खालच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी चाचपा, मऊ खळगे लागतील. आतल्या बाजूच्या खळग्यातून अंगठा हळूहळू मागे सरकवत न्या. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली फट हाताला लागते. ही सांध्याची रेषा. बाहेरच्या बाजूलाही तशीच आहे. चांगल्या गुडघ्यावर एकदा सराव करा, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर चूक होणार नाही.

आतल्या रेषेवर, तेही जरा मागच्या अंगाला दाबल्यावर कळ येत असेल आणि वळताना, उकिडवं बसताना किंवा गाडीतून उतरताना ती वाढत असेल, तर दोन हाडांमधल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा संशय घ्यायचा. गोल्फरांमध्ये ही तक्रार मला सगळ्यात जास्त दिसते. त्याच रेषेच्या तीन-चार बोटं खाली, नडगीच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर बहुधा गादी ठीक असते. तिथे स्नायूंच्या दोऱ्यांखाली पाण्याची एक छोटी पिशवी असते, तिला सूज येते. ते दुखणं त्रासदायक असतं, पण बरं होणारं असतं.

वाटीच्या मागे किंवा भोवती दुखणं, जिना चढताना कमी आणि उतरताना जास्त, नाट्यगृहात दोन तास बसून उठताना पहिली चार पावलं अवघड: हे वाटीचं दुखणं. टेकड्यांवरच्या कोर्सवर उताराने चालणाऱ्यांना ते हमखास जाणवतं. सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं आखडलेपणा, चाललं की मोकळं, आणि दिवसभर चाललं की पुन्हा ठणका, असं असेल आणि वय पन्नाशीपुढचं असेल तर सांध्याची झीज धरून चालायला हरकत नाही. गुडघ्याच्या मागे फुगल्यासारखं, भरल्यासारखं वाटत असेल, तर पुष्कळदा आत पाणी झालेलं असतं आणि ते मागे साठतं.

पावसाळ्यात वेगळा प्रकार येतो. ओल्या गवतावर किंवा बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, कडेवर पाय घसरतो, पाऊल बाहेर जातं आणि गुडघा आत मोडतो. यात आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. तिथे दुखणं फटीपुरतं नसतं, फटीच्या वर-खाली हाडावरही दाबून दुखतं.

दुसरी पायरी: सूज केव्हा आली?

हा प्रश्न डॉक्टर विचारतातच, म्हणून उत्तर तयार ठेवा. पाय मुरगळल्यावर तासा-दोन तासांत गुडघा टम्म झाला असेल तर आत रक्त साठलं असण्याची शक्यता मोठी. मोठं लिगामेंट तुटलं असेल किंवा हाड मोडलं असेल. रात्री ठीक होता आणि सकाळी सुजला, तर गादी किंवा झिजेमुळे चिडलेला सांधा.

सूज थोडी असली तर नजरेला दिसत नाही. त्यासाठी अंथरुणावर पाय सरळ सोडून बसा. मांडीचा स्नायू सैल ठेवा. वाटीच्या आतल्या बाजूच्या खळग्यावरून तळहात दोन-तीनदा खालून वर मांडीकडे फिरवा, खळगा रिकामा दिसेल. आता बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवा आणि आतल्या खळग्याकडे बघत राहा. तिथे पाण्याची लाट आल्यासारखा फुगवटा उठला, तर सांध्यात पाणी आहे. दोन्ही गुडघ्यांवर करून फरक बघा. ही तपासणी शिकून घ्याच, पुढे परत खेळायला लागाल तेव्हा हीच कामाला येणार आहे.

अडकणं आणि अडकल्यासारखं वाटणं यांतही फरक असतो. गुडघा शेवटचा थोडासा सरळच होत नाही, ढकलूनही नाही, आणि मग कधीतरी 'कट्‌' होऊन सुटतो, हे खरं अडकणं. गादीचा तुकडा मध्ये आल्याचं ते लक्षण आहे. दुखतं म्हणून आपण सरळ करत नाही, ते वेगळं. नुसता कटकट आवाज येतो आणि दुखत नाही, त्याची चिंता सोडून द्या.

डॉक्टरांकडे जायला कधी थांबायचं नाही

चार पावलंही वजन टाकता येत नसेल, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल, वाटीवर किंवा बाहेरच्या बाजूला बारीक हाडाच्या डोक्यावर बोट ठेवताच कळ येत असेल, किंवा मार लागलेल्या माणसाचं वय ५५ किंवा अधिक असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. गुडघा खरोखर अडकून बसला असेल तरी थांबू नका. गुडघा गरम, लाल आणि सोबत ताप असेल तर ती जंतुसंसर्गाची शंका आहे, रात्र काढू नका. पोटरी सुजून घट्ट झाली असेल आणि दुखत असेल, तर रक्ताची गुठळी नाही ना हे आधी बघायचं, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर. अशा पोटरीला चुकूनही चोळू नका. तिच्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सरळ इमर्जन्सी विभाग गाठा.

तिसरी पायरी: पहिले दोन-तीन दिवस

खेळ तिथेच थांबवा. "चारच होल राहिलेत" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. गोल्फ कार्ट मागवा, क्लबहाउसला या, कँटीनमधून बर्फ मागून घ्या. बर्फ रुमालात किंवा नॅपकिनमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटं लावा, थेट कातडीवर नको. जागेपणी दर दोन-तीन तासांनी पुन्हा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर वेळ निम्मी करा आणि कातडीवर लक्ष ठेवा. क्रेप बँडेज पोटरीच्या वरच्या भागापासून मांडीकडे बांधत न्या. पावलाला मुंग्या आल्या किंवा बोटं गार पडली तर ते घट्ट झालंय. झोपताना टाचेखाली आणि पोटरीखाली उशी घ्या, नुसती गुडघ्याखाली नको, नाहीतर गुडघा वाकलेलाच आखडतो.

आणि आपल्याकडे जे पहिल्यांदा होतं, ते होऊ देऊ नका: गरम शेक, तेल लावून चोळणं, कोणा जाणत्याकडून पाय ओढून 'बसवून' घेणं. घरच्यांचा हेतू चांगला असतो, पण ताज्या दुखापतीत चोळल्याने सूज वाढते. आत हाडाला तडा असेल तर ओढण्याने नुकसान होतं. शेक पुढे, सूज उतरल्यावर, आखडलेल्या सांध्याला जरूर घ्या.

गोळीचं म्हणाल तर पॅरासिटामॉल पाकिटावरच्या मात्रेत घ्यायला बहुतेकांना हरकत नसते. यकृताचा त्रास असेल तर तीही विचारूनच. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मात्र रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गोळी खाऊन खेळायला जाणं तर मुळीच नको. दुखणं हीच त्या वेळी तुमची सूचना असते.

पूर्ण अंथरूण धरायचं नाही. सोसेल तेवढं घरात चाला, पाऊल वर-खाली हलवत राहा.

चौथी पायरी: डॉक्टर, एक्स-रे, एमआरआय

झिजेची शंका असेल तर एक्स-रे उभ्याने काढायचा. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट प्रत्यक्षाहून मोठी दिसू शकते. तंत्रज्ञाला आठवण करून द्या.

एमआरआयबद्दल मला कळकळीने सांगायचंय. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम इथल्या ५० ते ९० वयाच्या लोकांचे एमआरआय काढून एक अभ्यास झाला, तो २००८ मध्ये छापून आला. ज्यांच्या गादीला चीर सापडली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा गेल्या महिनाभरात दुखलाच नव्हता. म्हणजे पन्नाशीनंतर गादीत चीर दिसणं हे केस पांढरे होण्याइतकं सर्वसाधारण आहे. रिपोर्टमध्ये 'ग्रेड १' किंवा 'ग्रेड २' लिहिलेलं असेल तर ती खरी चीर नसते, गादीच्या आतला बदल असतो. पृष्ठभागापर्यंत पोचलेली चीर 'ग्रेड ३' असते. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवून रात्रभर जागलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या पुष्कळांना फक्त व्यायामाची गरज होती.

झिजेमुळे आलेल्या चिरेवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी का? फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांची गादी खरोखर छाटली, निम्म्यांच्या गुडघ्यात नुसती दुर्बीण घालून बघितलं आणि छाटण्याचा देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून मध्यमवयीन गोल्फरला मी आधी तीन महिने नेटाने व्यायाम करायला सांगते. खरोखर अडकणारा गुडघा, तरुण माणसाची ताजी मोठी चीर, दगा देणारा म्हणजे अचानक लचकणारा गुडघा, यांची गोष्ट निराळी. तिथे हाडांच्या सर्जनचं मत लगेच घ्या.

"गुडघ्यातलं वंगण संपलंय" असं सांगून जी महाग इंजेक्शनं दिली जातात, त्यांचा फायदा अभ्यासांत फारसा ठळक दिसलेला नाही. सरसकट सगळ्यांना ती देऊ नयेत, असं माझं मत. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. त्या आठवड्यांत व्यायाम केला तर उपयोग, नाहीतर तारीख पुढे ढकलली इतकंच.

पाचवी पायरी: व्यायाम, आणि खुबा

एक निवृत्त बँक अधिकारी आतल्या बाजूच्या दुखण्यासाठी माझ्याकडे आले होते. आठ आठवडे व्यायाम झाले, जिन्यावरचं दुखणं गेलं, पण रेंजवर गेले की दुखणं हजर. शेवटी मी एका सकाळी त्यांच्याबरोबर रेंजवर गेले. दव पडलेलं होतं. त्यांनी दहा चेंडू मारल्यावर मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. उजव्या बुटाखालचं गवत चवड्यापाशी घासून वळलेलं होतं. डाव्या बुटाचा ठसा मात्र साच्यातून काढल्यासारखा स्वच्छ, एक रेघ इकडची तिकडे नाही. पाऊल अगदी लक्ष्याच्या काटकोनात, घट्ट. त्यांचा कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, साहेब बॉल मारून झाल्यावर रोज डावा पाय झटकतात." आम्ही दोघं आठ आठवडे गुडघ्याकडेच बघत बसलो होतो, त्याने पाय पाहिला होता.

खुर्चीत बसवून मी त्यांचा खुबा तपासला. तुम्हीही करा. गुडघे जुळवून बसा, मांड्या न हलवता डावं पाऊल बाहेर, डावीकडे न्या. मग उजवं उजवीकडे. पुढच्या बाजूचं पाऊल जेमतेम सरकत असेल तर तुमचा खुबा आत वळत नाही, आणि स्विंगच्या शेवटी तोच खुबा वळायला हवा असतो. तो वळला नाही तर ती फिरकी गुडघ्याला सोसावी लागते.

खुबा मोकळा करण्यासाठी हीच हालचाल दोन्ही बाजूंना सावकाश १५ वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्यासाठी: टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. पाय सरळ ठेवून वीतभर उचला. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचला. आठवड्याभराने जिन्याच्या पहिल्या पायरीवर एका पायाने चढा आणि त्याच पायावर वजन ठेवून सावकाश उतरा, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून. प्रत्येक व्यायाम १० वेळा, तीन फेऱ्या. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ जागी आलं पाहिजे. आलं नाही तर आदल्या दिवशी जास्त झालं.

वजन जास्त असेल तर तेही उपचारातच येतं. झिजेच्या रुग्णांत एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. १८ होल चालायचे म्हणजे आठ-दहा किलोमीटर. पावलं किती होतात ते तुमच्या मोबाइलमध्येच दिसेल.

सहावी पायरी: खेळात काय बदलायचं

पुढचं पाऊल थोडं बाहेर वळवून उभे राहा. घड्याळाच्या तबकडीवर १२ ऐवजी ११ कडे. डावखुरे असाल तर १ कडे. एवढ्यानेच गुडघ्यावरची फिरकी कमी होते. स्विंग मागे जाताना पुढची टाच थोडी उचलली तरी चालेल, शेवटी पाऊल लक्ष्याकडे वळू द्या. तुमच्या कोचला आधी सांगा, कारण नवशिक्याला पाऊल रोवून ठेवायला शिकवणारे अजून आहेत. धातूच्या टोकदार स्पाइक्सऐवजी मऊ स्पाइक्स वापरा. रेंजवर रबरी मॅट बुटाला धरून ठेवते, म्हणून तिथे ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, कमी वापरा.

बॅग खांद्यावर घेण्याऐवजी ट्रॉली ढकला. टी लावताना आणि चेंडू उचलताना उकिडवं बसू नका. पटरवर, म्हणजे चेंडू हळूच ढकलायच्या क्लबवर, हात टेकून चांगल्या पायावर वाका आणि दुखरा पाय मागे सरळ जाऊ द्या. नी कॅपने ऊब मिळते, धीरही येतो, पण पीळ थांबत नाही. ती घालून 'आता चालेल' असं समजू नका.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोर्सवर सगळ्यात जास्त झिजतात ते कॅडींचे गुडघे. बॅग त्यांच्या खांद्यावर, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, उकिडवं बसणं त्यांचंच, आणि दुखलं म्हणून सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी गेली. हे व्यायाम शिकलात तर आपल्या कॅडीलाही दाखवा. त्यासाठी एका पायरीपलीकडे काही लागत नाही.

सातवी पायरी: परत खेळायला

सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ होतो, पायरी उतरताना दुखत नाही, आणि खुर्चीतून एका पायावर दहा वेळा उठता येतं (दुखऱ्या पायाने चांगल्याइतकंच), असं झाल्यावर सुरुवात करा. आधी आठवडाभर फक्त पटिंग. मग चिपिंग, म्हणजे ग्रीनजवळचे छोटे फटके. मग वेजने अर्धा स्विंग, ३० चेंडू, दिवसाआड. मग सात नंबरचं आयर्न. मग कार्ट घेऊन नऊ होल. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. नुसत्या लचकण्यात हे सगळं सहा आठवड्यांत होतं. शस्त्रक्रिया झाली असेल तर मुदत सर्जनच ठरवणार, पण साधारण अंदाज असा: गादी छाटली तर सहा-आठ आठवडे, गादी शिवली तर चार ते सहा महिने, मोठं लिगामेंट नवं बसवलं तर सहा ते नऊ महिने, सांधा बदलला तर तीन ते सहा महिने. सांधा बदलून गोल्फ खेळणारे पुष्कळ आहेत, तेव्हा शस्त्रक्रिया म्हणजे खेळ संपला असं धरून बसू नका.

ड्रायव्हरचा पहिला दिवस दहाच चेंडूंचा, तोही पूर्ण ताकदीने नव्हे. घरी येऊन बर्फ लावा. दुसऱ्या दिवशी उठण्याआधी अंथरुणातच पाय सरळ करा, खळग्यावरून हात फिरवा, बाहेरून एकदा खाली आणा. लाट उठली नाही तर एक दिवस सोडून १५ चेंडू. उठली तर पुन्हा सात नंबरच्या आयर्नवर या.